डॉक्टरांचा राजीनामा

आमच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक सामना चालू असताना मैदानाकडे पाठ करून बसत. आपला खेळाडू चढाईला निघाला की ते आपली लोखंडी खुर्ची फिरवत आणि मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, भिंतीकडे बघत राहत. तो परत आला आणि समोरचा चढाईपटू आपल्या अंगणात शिरला की खुर्ची पुन्हा मैदानाकडे. चाळीस मिनिटांत ती इतक्या वेळा करकरायची की बाहेरगावचे पंच सुरुवातीला दचकायचे. मी एकदा विचारलं, आपल्याच पोराची चढाई तुम्ही बघत का नाही? ते म्हणाले, "रेषा शिवून वापस यायचं. त्यात बघायचं काय, सर?"

त्यांची सगळी विद्या या वाक्यात होती. चढाई करणाऱ्याला समोरच्या अंगणातली एक रेषा किमान एकदा ओलांडावी लागते, नाहीतर तो बाद. ती ओलांडून कुणालाही न शिवता परतलं तर गुण मिळत नाही आणि जातही नाही. जगभरातले कबड्डीपटू या सोयीचा उपयोग अडचणीत करतात. आमच्या संघाने तो धर्म म्हणून स्वीकारला होता. प्रशिक्षकांचं, गावाच्या भाषेत डॉक्टरांचं, म्हणणं असं, की दुसऱ्याच्या घरात शिरून मारामारी करायची गरज काय. तो आपल्या पायांनी आपल्या घरी येणारच आहे, आला की धरायचा. मग तो शहाणा निघाला आणि त्यानेही नुसती रेषा शिवून परत जायचं ठरवलं तर? तर थांबायचं. आपण चार गुणांनी मागे असलो तर? तरी थांबायचं. "घाई हा रोग हाय," ते म्हणत, "आन तो आधी पायात व्हतो." आम्ही सात-नऊ, पाच-आठ असे हरायचो. एका सामन्यात दहा-बारा मिनिटं काहीच घडलं नाही आणि गुणलेखक पेन्सिलीला टोक करून आला.

डॉक्टर म्हणजे खरे डॉक्टर नव्हेत. ते आमच्या गावच्या, मंठ्याच्या, जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करायला होते. सरकारी भाषेत त्या हुद्द्याला व्रणोपचारक म्हणतात. तो शब्द गावात कुणालाच उच्चारता येत नसे, त्यांना स्वतःलाही. दवाखान्यातल्या खऱ्या डॉक्टरांना लोक साहेब म्हणत आणि सहसा शोधत नसत. बैल लंगडला, म्हैस अडली, शेळीने पाला जास्त खाल्ला, की या डॉक्टरांकडे. त्यांच्या अंगाला कायम टर्पेंटाइनचा वास यायचा आणि उजव्या हाताची बोटं जांभळी असायची. खेळाडूला ताप आहे का हे ते कान धरून बघत. कुणी दमून बसला तर त्याला उठवून चार पावलं चालायला लावत, बाजूला उकिडवे बसून नुसते पाय बघत, आणि म्हणत, "डावा टेकून राह्यला न्हाई तू. घरी जाय." पोरं म्हणत, डॉक्टर आपल्याला जनावर समजतात. मला ते तितकं बरोबर वाटत नसे. जनावरांशी ते जास्त बोलत.

मी तिथल्या महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. मराठी शिकवणाऱ्याचं अक्षर चांगलं असतं आणि त्याला दुसरं काम नसतं, या दोन समजुतींमुळे मला संघ चालवणाऱ्या क्रीडा मंडळाचा चिटणीस केलं होतं. सकाळी फिरायला निघालो की मला मैदानावर एकच दृश्य दिसे: सगळा संघ गुडघ्यांवर, ओळीने, खडे वेचतो आहे. सराव दीड तासाचा. त्यातला अर्धा तास खडे, पाव तास पाणी शिंपणं, आणि उरलेल्या वेळात पकडी. मैदान आदल्या दिवशीच वेचलेलं असे. पण डॉक्टरांचा असा ठाम विश्वास होता की खडे जमिनीतून वर येतात. त्यांच्याशी वाद घालता येत नसे, कारण ते वाद घालतच नसत. तुम्ही बोलून दमलात की ते तुमच्या पायांकडे बघून चप्पल कुठून घेतली विचारत.

अशा माणसाला अकरा वर्षं कुणी ठेवून कसं घेतलं, असं बाहेरचा माणूस विचारील. उत्तर सोपं आहे. मंडळाच्या कार्यकारिणीत आम्ही सात जण, त्यातल्या सहांच्या गोठ्यात त्यांचा हात फिरला होता. आमच्या अध्यक्षांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान होतं, शेतीही होती. त्यांचा खिलारी बैल पोट फुगून आडवा झाला तेव्हा खरे साहेब जालन्याला मीटिंगला होते आणि डॉक्टरांनी पहाटेपर्यंत बसून तो उभा केला होता. उपाध्यक्षांची म्हैस, खजिनदारांची कालवड, असं प्रत्येकाचं एकेक. गोठा नसलेला मी एकटाच. माझ्या मांजरीचा पाय त्यांनी बांधला होता.

सलग चौथ्या वर्षी आम्ही जिल्हा स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलो, आणि बाळू माझ्या घरी आला. बाळू आमचा एकमेव चढाईपटू, म्हणजे ज्याला चढाई करता येत होती पण करू दिली जात नव्हती असा. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. उंच, हलका, आणि उडी मारली की जमिनीवर परत यायला जरा उशीर लावणारा. तो दारातच उभा राहिला.

"सर, बसत न्हाई. एकच सांगायचंय. मी, आन माह्यासंगं चौघं, वडीगोद्रीच्या संघाकडून खेळणार."

मी विचारलं, का?

"तिथं चढाई करू देतात."

मी समजूत घालायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "माहं वय सव्वीस. अजून दोन-तीन वर्षं उड्या मारता येतील. त्या मी रेषा शिवण्यात घालू का? तुमीच सांगा." मग जाता जाता मुदत सांगितली: खेळाडूंची यादी महिनाअखेर जिल्ह्याला जाते, तोवर डॉक्टर तरी बदला, नाहीतर नावं खोडा. पाच नावं खोडली की आमच्याकडे सात माणसंही उरत नव्हती. संघ संपणार होता.

अध्यक्षांच्या दुकानाच्या माडीवर बैठक झाली. खताच्या पोत्यांवर बसून सगळे मोकळेपणाने बोलले. अकरा वर्षांत कुणी एवढं मोकळं बोललं नव्हतं. उपाध्यक्ष म्हणाले, पाहुण्यांसमोर मान खाली जाते. खजिनदार म्हणाले, वर्गणी मागायला गेलं की लोक विचारतात, तो खुर्चीचा खेळ अजून चालू आहे का. प्रशिक्षक बदलावा असा ठराव आला, सात हात वर झाले. त्यात माझाही होता. जालन्याचा एक शिकलेला तरुण प्रशिक्षक यायला तयार होता, त्याला बोलवायचं ठरलं. मग मी विचारलं, डॉक्टरांना सांगणार कोण?

खाली दुकानात कुणीतरी वजनाचा काटा आदळला तो ऐकू आला.

"तसं तोंडावर कसं सांगायचं," अध्यक्ष म्हणाले. "आपण असं करू. त्यांचा सत्कार करू."

आमच्या भागात हे फार जुनं शस्त्र आहे. माणूस नको झाला की त्याचा सत्कार करतात. मुख्याध्यापक, तलाठी, पतसंस्थेचे संचालक, सगळे असेच गेले. फेटा बांधला, शाल घातली, 'प्रदीर्घ सेवा' आणि 'उर्वरित आयुष्य' हे शब्द कानावर पडले, की माणूस समजतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. कुणालाच काही बोलावं लागत नाही. मला सत्कार या प्रकाराचाच तिटकारा. पण त्या माडीवर मलाही सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. अध्यक्षांचं भाषण अर्थातच मी लिहायचं ठरलं.

असली भाषणं मी अर्ध्या तासात आणि अर्ध्या मनाने लिहीत असे. विशेषणांची एक थैली असते, ती उपडी केली की झालं. या वेळी थैलीत हात घालायची वेळच आली नाही. मी लिहिलं, की हा माणूस अकरा वर्षं उजाडायच्या आत मैदानावर पाणी मारत आला. या संघाच्या एकाही खेळाडूचं हाड अकरा वर्षांत मोडलेलं नाही. हे इतर संघांना सांगितलं तर त्यांना पटत नाही. पंचाशी यांनी कधी वाद घातला नाही. हरलेल्या पोराला कधी बोल लावला नाही. लिहून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की यातलं काहीच खोटं नाही, आणि मला स्वतःचाच राग आला. शेवटी 'उर्वरित आयुष्य सुखासमाधानात जावो' हे तेवढं न विसरता घातलं.

सत्कार भर दुपारी शाळेच्या सभागृहात झाला. पाहुणे दीड तास उशिरा आले आणि सात मिनिटांत गेले. अध्यक्षांनी भाषण वाचलं. त्यांना वाचनाचा सराव नव्हता, त्यामुळे ते प्रत्येक वाक्य पहिल्यांदाच कळल्यासारखं वाचत, आणि तिसऱ्या परिच्छेदाला त्यांनी कागद खाली घेऊन नाक पुसलं. त्यांना बैल आठवला असावा. फेटा बांधला, शाल घातली, भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं. मग डॉक्टर उत्तराला उभे राहिले. घड्याळ त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, कोकरू धरावं तसं.

ते म्हणाले की खरं तर मी यंदा थकलो होतो. सोडून द्यावं असं मनात आल्तं. घरचे पण म्हणून राह्यले होते, बस झालं. पण आज तुमी सगळ्यांनी जे बोलले, ते ऐकून कळलं की माहं काम तुमच्या ध्यानात हाय. आता सोडलं तर मी बेइमान ठरेन. पायात बळ हाय तोवर मी मैदानावर येणार.

सभागृहात टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात अध्यक्षांनी वाजवल्या, आणि माईक हातात घेऊन, कुणालाही न विचारता, डॉक्टरांना मंडळाचे आजीव मार्गदर्शक जाहीर केलं. बाळू मागच्या रांगेत होता. तो माझ्याकडे बघत होता. टाळ्या मीही वाजवत होतो.

बाहेर आल्यावर मी अध्यक्षांना गाठलं. ते म्हणाले, "काय करणार, ओघात आलं." यादी जायला तीन दिवस होते. आता प्रत्यक्ष सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि ते चिटणीसाने सांगायचं असतं, असा नियम अध्यक्षांना तिथल्या तिथे आठवला. शिवाय राजीनामा लेखी घ्या, यादीसोबत जोडावा लागतो, असंही ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर एका बैलाच्या खांद्यावरचं जू लागून झालेला घाव धुवत होते. बैल लाकडी खोड्यात उभा होता आणि त्याचा मालक चहाला गेला होता.

"बराबर आले," डॉक्टर म्हणाले. "ही वेसण धरा. ढिली सोडू नका."

म्हणून आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य मला बैलाची वेसण धरून बोलावं लागलं. मी म्हणालो, "डॉक्टर, मंडळाने प्रशिक्षक बदलायचं ठरवलंय."

त्यांनी पिचकारी भरली. "कधी?"

"सत्काराच्या आधी."

"आधी? किती जणांनी हात वर केले?"

"सगळ्यांनी."

"तुमी?"

"मीही."

घाव धुऊन झाला. कापसाने टिपून झालं. मी वेसण धरून उभा. बैल माझ्या तोंडावर श्वास सोडत होता.

"अध्यक्षाला भाषण तुमीच लिहून देल्तं ना?"

"हो."

"लई चांगलं होतं. घरी दोनदा वाचून घेतलं मी पोरीकडून. अध्यक्षानं कागद देऊन टाकला मला." ते जांभळं औषध लावू लागले. "ते खोटं व्हतं का, सर?"

"नाही," मी म्हणालो. "एकही शब्द नाही."

"मंग कामून काढून राह्यले?"

"आपण हरतो म्हणून."

त्यांनी औषधाच्या बाटलीला बूच लावलं. मला वाटलं आता तरी चिडतील. मी त्याची वाटच बघत होतो. चिडलेल्या माणसाला काढणं सोपं असतं. ते म्हणाले, "हे तुमी भाषणात लिव्हायला पाहिजे होतं."

मग त्यांनी हात धुतले, बैलाच्या कपाळावर एक थाप मारली आणि मला म्हणाले, "कागद हाय का? लिव्हा." मी खिशातला कागद काढला. मला वाटलं राजीनामा सांगताहेत. ते सांगू लागले:

"बाळू. उजवा गुडघा. आतल्या बाजूनं ढिला हाय, दोन वर्षं झाली. सरळ पळतो, पण कोपऱ्याकडून पाय धरला आन अंग फिरलं तर जाईल. खोल जाऊ देऊ नका. आधी सहा महिने मांडीची ताकद वाढवा."

मी विचारलं, हे बाळूला माहीत आहे? ते म्हणाले, न्हाई. खेळणाऱ्याला सांगितलं की तो गुडघ्याकडं बघतो, समोर न्हाई. या माणसाच्या एकेका गोष्टीवर किती वर्षं चिडत राहायचं याला मर्यादा असावी, असं मला वाटलं. आणि कुणी गैरसमज करून घेऊ नये म्हणून सांगतो: रेषा शिवून परत यायची ती पद्धत बाळूच्या गुडघ्यासाठी होती असं मुळीच नाही. पद्धत अकरा वर्षांची होती, गुडघा दोन वर्षांचा. पद्धत चुकीचीच होती.

"दुसरा लिव्हा," ते म्हणाले. दुसऱ्याच्या मनगटाचं सांगितलं, तिसरा उपाशीपोटी येतो आणि सांगत नाही, चौथ्याला डाव्या कोपऱ्यात उभं केलं की त्याचा दम तुटतो, पाचव्याचा बाप वारल्यापासून तो पकडीत माणसाला लवकर सोडत नाही, त्याला आवरा. असे अकरा जण. कागद दोन्ही बाजूंनी भरला. "नव्या कोचला द्या," ते म्हणाले, आणि सरकारी नोकरीच्या सवयीने, कागद संपला तिथे खाली सही केली. तारीखही घातली.

मी अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी कागद दोन वेळा वाचला. "यात राजीनामा कुठं हाय?"

"सही आहे," मी म्हणालो.

अध्यक्ष म्हणाले, पुन्हा जाऊन नीट लिहून आणा. मी म्हणालो, तुम्ही जा. ते पंख्याकडे बघत म्हणाले की सही आहे, तारीख आहे, अजून काय पाहिजे. बैठकीत मी 'प्रशिक्षकांचा लेखी राजीनामा प्राप्त' एवढं वाचलं. कुणी कागद मागितला नाही. सगळ्यांनी हात वर केले. यादी जिल्ह्याला गेली, बाळूचं नाव सगळ्यात वर. राजीनाम्याची गरज जिल्ह्याला कधीच नव्हती, हे नंतर कळलं. तोवर मी तो कागद भोक पाडून मंडळाच्या फायलीत लावला होता. नक्कल काढून नव्या प्रशिक्षकाला द्यायची हे मी ठरवलं होतं. मग महाविद्यालयाच्या परीक्षा आल्या.

नवा प्रशिक्षक चांगला होता. त्याच्याकडे शिट्टी होती, वही होती, आणि तो मैदानाकडे तोंड करून उभा राही. पोरं दोन महिन्यांत ओळखू येईनाशी झाली. स्पर्धेचा पहिला सामना आम्ही आमच्याच मैदानावर एकवीस-चौदाने जिंकला. बाळूने एका चढाईत तिघांना शिवलं तेव्हा मी, आयुष्यात कधी न ओरडलेला माणूस, ओरडलो. डॉक्टर आले नव्हते. ते आता सामन्यांना येत नसत.

दुसऱ्या सामन्यात, तोही आमच्याच मैदानावर होता, उत्तरार्ध सुरू झाला आणि बाळू खोल गेला. थेट शेवटच्या रेषेजवळ. कोपऱ्यातल्या खेळाडूने त्याचा पाय धरला, बाळूने मध्यरेषेकडे अंग फिरवलं, आणि पाय तिथेच राहिला. आवाज मैदानाबाहेर ऐकू आला. काय झालं हे तिथे फक्त मला कळलं, कारण ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

जालन्याला न्यायला जीप येईपर्यंत बाळू एकच म्हणत राहिला की डॉक्टरांना दाखवा. दोघांनी त्याला उचलून त्यांच्या घरी नेलं. मी मागून गेलो. डॉक्टरांनी ओट्यावर सतरंजी टाकली, त्याची मांडी हळूच हाताखाली घेतली आणि जांभळ्या बोटांनी गुडघ्याच्या आतल्या बाजूला चाचपलं. बाळूने डोळे मिटून घेतले. तो पुन्हा कधी खेळला नाही, पण ते त्या वेळी फक्त डॉक्टरांना कळलं असावं. त्यांनी दोन फळ्या लावून पाय बांधला. घाई केली नाही आणि उशीरही केला नाही. जीप गेल्यावर ओट्यावर आम्ही दोघेच उरलो.

"नव्या कोचनं कागद वाचला न्हाई का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, त्याला दिलाच नाही. मंडळाच्या फायलीत लावला. राजीनामा म्हणून.

ते सतरंजीची घडी घालत होते. ती त्यांनी पूर्ण घातली, चारी कोपरे जुळवले आणि काखेत धरली.

"मंजूर तरी झाला का?"

"झाला," मी म्हणालो. "एकमताने."